बरे झालेल्यांचे वार्धक्य

मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांची पावले रोज तपासावीत, हा सल्ला आपल्या परिचयाचा आहे. वेदना ही शरीराची राखणदार आहे. ती हरपली की खडा रुततो, चटका बसतो आणि कळतही नाही. कुष्ठरोगात हेच घडते. जंतू मज्जातंतूंना इजा करतात. बोटे रोगाने ‘गळून’ पडत नाहीत. न जाणवलेल्या जखमा चिघळत जाऊन ती झिजतात.

ज्यांना घराने नाकारले, अशांसाठी बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना केली. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन उभे राहू लागले. बाबा आणि साधनाताई यांनी रुग्णांना भिक्षा दिली नाही, काम दिले. त्यांनी विहीर खणली, शेती पिकवली. त्या हातांची भाजी घ्यायला गाव आरंभी कचरत असे. पुढे त्याच हातांनी कापड विणले, घरे बांधली.

बहुविध औषधोपचाराने आज हा रोग सहा ते बारा महिन्यांत बरा होतो. शासकीय रुग्णालयांत औषधे विनामूल्य मिळतात आणि उपचार सुरू होताच संसर्गाचा धोका झपाट्याने ओसरतो. तथापि, उशिरा उपचार मिळालेल्यांची गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही, आणि तुटलेले घरही क्वचितच परत मिळते. म्हणून अनेकांचे वार्धक्य अशा संस्थांच्याच आधारे सरते.

आपण काय करावे? अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसल्यास तो लपवू नका. नजीकच्या आरोग्य केंद्रात दाखवा. घरात वा शेजारी बरे झालेले वृद्ध असतील, तर त्यांचे तळहात व तळपाय रोज उजेडात पाहा. मऊ तळाची पादत्राणे द्या. गरम भांडे फडक्यानेच धरावे, अंघोळीचे पाणी दुसऱ्याने तपासावे. पापण्या नीट मिटत नसतील, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. जखम दिसल्यास, दुखत नसली तरी, विलंब करू नका.

आणि एक शुश्रूषा औषधाविना होते. त्यांच्या शेजारी बसा, त्यांच्या हातचा चहा घ्या. रोग औषधाने बरा होतो. माणूस मात्र माणसांत परतल्यावरच पुरता बरा होतो.