एक काहीतरी बंद करा!

संध्याकाळी सात वाजता दोन खोल्यांच्या घरात काय काय वाजत असतं, ते एकदा नीट ऐकून पाहा. टीव्हीवर मालिका, ओट्यावर कुकर, बाल्कनीत नागपूरच्या आत्याशी स्पीकरवर चाललेल्या गप्पा आणि सोफ्यावर आडवा पडून दर दहा सेकंदांनी व्हिडिओ बदलणारा मुलगा. मग घरातलं कुणीतरी एकदम तडकतं. कधी सून, कधी दहावीची मुलगी, कधी नुकतेच निवृत्त झालेले काका. ‘अरे, एक काहीतरी बंद करा!’ बाकीचे चमकून बघतात. त्यांच्या मते एवढा काही आवाज नसतोच.

मोजायला गेलं तर त्यांचं म्हणणं खरंही निघेल. यापेक्षा किती तरी जास्त गोंगाट दादर स्टेशनच्या पुलावर असतो आणि तिथे हीच सून फुलवाल्याशी शांतपणे घासाघीस करते. म्हणून तर घरात तिला ऐकावं लागतं, ‘तुलाच बरं सगळं ऐकू येतं!’ त्रास आवाजाच्या मोठेपणात शोधला की हाती काही लागत नाही. तो शोधायचा आवाज एकमेकांवर चढतात तिथे.

डोळ्यांना पापणी आहे, कानांना नाही. शिवाय कुकर, मालिका, आत्या या सगळ्यांच्या लहरी हवेतच एकमेकींत मिसळतात आणि कानाच्या पडद्यावर त्यांचं एकच कंपन पोचतं. त्या एका कंपनातून ‘ही आत्या, हा कुकर’ असं वेगळं काढणं हे मेंदूचं काम. दोन कानांवर आवाज पोचण्यातला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक, स्वराची पट्टी, सुरुवातीचा क्षण अशा खुणांवरून तो हे करतो. जागे असेपर्यंत हे काम चालूच असतं आणि ते फुकट होत नाही.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये हे काम प्रयोगशाळेत आणलं. हेडफोनच्या दोन बाजूंना दोन वेगळे उतारे लावायचे आणि ऐकणाऱ्याने एका कानातला उतारा ऐकता ऐकता मोठ्याने म्हणत जायचा. तेवढ्यात दुसऱ्या कानातली इंग्रजी थांबून जर्मन सुरू झाली, तरी लोकांना पत्ता लागला नाही. पुरुषाच्या जागी बाई बोलू लागली तर मात्र कळलं. म्हणजे नको असलेलं बोलणं मेंदू दाराबाहेर ठेवतो, असं वाटलं. पण १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव घातलं, तेव्हा साधारण एक तृतीयांश लोकांनी ते टिपलं. दार लागलेलं दिसलं, तरी आतून कुणीतरी कान लावून बसलेलं असतं.

घरात खरी गोम इथेच आहे. समोरचा फुलवाला सोडला, तर दादरच्या पुलावरचं एकही बोलणं तुमच्यासाठी नसतं. घरातला जवळजवळ प्रत्येक आवाज तुमच्या नावाचा असतो. फोनवर बहिणीशी मनापासून बोलत असलेल्या बाईला मध्येच विचारा, ‘कितवी शिट्टी झाली गं?’ ती अचूक सांगेल. मालिकेतली सासू काय म्हणाली हे तिला कळलेलं नसेल, पण आतल्या खोलीतल्या ‘आई’मधला रडका सूर तिने टिपलेला असतो. ज्याच्या डोक्यावर घराची जबाबदारी जास्त, त्याच्या मेंदूला सोडून देता येतील असे आवाज कमी. घरात एकच व्यक्ती का तडकते, याचं निम्मं उत्तर मला तरी यातच दिसतं.

उरलेल्या निम्म्यासाठी अभ्यास करणाऱ्यांकडे वळू. पडद्यावर दिसणारी अक्षरं किंवा आकडे क्रमाने लक्षात ठेवायचे आणि त्याच वेळी मागे कुणाचं तरी बोलणं चालू ठेवायचं, अशा प्रयोगांची मोठी मालिकाच आहे. १९७६ मध्ये कोल आणि वेल्श यांनी दाखवलं, की मागचं बोलणं न कळणाऱ्या भाषेत असलं तरी स्मरण घसरतं. नंतरच्या प्रयोगांत आणखी गंमत निघाली. नेहमीच्या पट्टीतला आवाज थोडा लहानमोठा केल्याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो आवाज क्षणाक्षणाला किती बदलतो याने. म्हणून पंख्याची घरघर चालते आणि दर दहा सेकंदांनी बदलणारा व्हिडिओ, आवाज अगदी बारीक असला तरी, डोकं उठवतो.

१९९५ चा डिलन जोन्स आणि बिल मॅकन यांचा प्रयोग तर आपल्या फ्लॅटवर बेतल्यासारखा आहे. सहा जणांचं बोलणं एकत्र कालवून ऐकवलं, तर एकट्याच्या बोलण्यापेक्षा त्याचा त्रास कमी झाला. सहांचा मिळून एक सपाट कलकलाट होतो, त्यात धरून ठेवण्यासारखं काही उरत नाही. पण तेच सहा आवाज वेगवेगळ्या दिशांनी ऐकवले, तेव्हा त्रास पुन्हा वाढला. दादरचा पूल म्हणजे तो कालवलेला कलकलाट. मालिका दिवाणखान्यातून, आत्या बाल्कनीतून आणि कुकर स्वयंपाकघरातून, ही दुसरी तऱ्हा.

सगळ्यांनाच हे सारखं बोचत नाही. नील वाइनस्टाइन यांनी १९७८ मध्ये अमेरिकेतल्या वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. आवाज न सोसणाऱ्या मुलांचा त्रास वर्षभरात कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेला. ‘होईल हळूहळू सवय’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. फिनलंडमधल्या जुळ्यांच्या अभ्यासात या स्वभावाचा काही भाग आनुवंशिक असल्याचंही दिसलं. अर्धशिशी, एडीएचडी किंवा स्वमग्नता असलेल्यांना आवाजांची गर्दी अधिक जाचते. चहाचे भुरके किंवा चावण्याचा आवाज अशा एखाद्याच आवाजाने संताप होणं हे प्रकरण निराळं, त्याला मिसोफोनिया म्हणतात.

आता घरात काय घडतं ते पाहा. मिक्सर सुरू झाला की बोलणारे नकळत आवाज चढवतात. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये नोंदवलेली ही सवय आपल्या हातातली नाही. बोलणं चढलं की टीव्ही वाढतो, टीव्ही वाढला की आत्याशी बोलणं आणखी चढतं. मिक्सर कधीच थांबलेला असतो. बाकीचे मात्र वरच्या पट्टीतच राहतात.

भर म्हणून खोली. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे एक सभागृह सोपवलं होतं. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, त्यामुळे पुढचे शब्द त्यात बुडायचे. सबाइननी जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रातोरात आणून मांडल्या, घुमणं मोजलं आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवल्या. असं कित्येक रात्री चाललं. त्यातून निघालेलं सूत्र ध्वनिशास्त्रात आजही वापरतात. खोली जितकी मोठी तितकं घुमणं जास्त, मऊ पृष्ठभाग जितका जास्त तितकं ते कमी. आपले दिवाणखाने मोठे नसतात, पण चकचकीत फरशी, गुळगुळीत भिंती, काचेची सरकती खिडकी यांत आवाज शोषणारं असतं काय? जाड पडदे, सतरंजी, कापडी सोफा, पुस्तकांनी भरलेलं उघडं कपाट यांनी खरोखर फरक पडतो. शेजारच्या खोलीतला आवाज मात्र पडद्याने अडत नाही. त्यासाठी दाराखालची फट बुजवावी. तीच बहुतेक घरांत विसरली जाते.

सगळ्यात स्वस्त उपाय डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांच्या प्रयोगांत सापडतो. त्यांनी लोकांना अधूनमधून कर्कश आवाज ऐकवला. काहींच्या हाताशी एक बटण दिलं: अगदीच असह्य झालं तर दाबा, पण न दाबलंत तर बरं. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरीही नंतर दिलेली न सुटणारी कोडी सोडवायला बटणवाले जास्त वेळ चिकाटीने बसले आणि मुद्रितशोधनात त्यांच्या चुकाही कमी झाल्या. आवाज सगळ्यांनी सारखाच ऐकला होता. रिमोट ज्याच्या हातात असतो, तो टीव्हीला का वैतागत नाही, हे इथे कळतं. ‘मिक्सर लावतेय गं!’ अशी आधी हाक देणंही त्यातलंच, कारण येणार हे ठाऊक असलेला आवाज निम्मा बोथट होतो. तडकणाऱ्या माणसाला अर्धा तास टीव्ही बंद करण्याचा हक्क, कुणी कारण न विचारता, देऊन पाहा. तो फारसा वापरला जाणार नाही असा माझा अंदाज आहे.

कानात बोळे घालून दिवसभर वावरणं मात्र अंगाशी येऊ शकतं. २००३ मध्ये क्रेग फॉर्मबी आणि सहकाऱ्यांनी ठणठणीत कानांच्या लोकांना दोन आठवडे बोळे वापरायला लावले, तर त्यांना आवाज आधीपेक्षा मोठे वाटू लागले. ज्यांच्या कानांत मंद खरखर सोडली होती, त्यांची सहनशक्ती वाढली. तेव्हा बोळे अभ्यासापुरते किंवा हिशेबापुरते, आणि एरवी पंखा पुरे.

राहता राहिले आजोबा. मालिकेचा आवाज बहुधा त्यांच्यासाठीच वाढवलेला असतो. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले आवाज हरवतात. स, श, त, थ अशी व्यंजनं पुसट होतात आणि आवाज वाढवला तरी शब्द उमगत नाहीत, नुसता गलका वाढतो. आवाजांच्या गर्दीतून एकच बोलणं वेगळं काढणं घरात सगळ्यात जड त्यांनाच जातं. चार पाहुणे आले की ते गप्प बसतात, याचं कारण तेच. त्यांची श्रवणचाचणी करून घ्या. आणि श्रवणयंत्र आधीच घेतलेलं असेल, तर ते बहुतेक कपाटातल्या डबीत असेल. ते बाहेर काढा, बॅटरी बदला आणि ज्याच्याकडून घेतलं, त्याच्याकडून पुन्हा एकदा नीट बसवून आणा.