वसंतातील बागेची फेरमांडणी

फाल्गुन सरून चैत्राची चाहूल लागली, की अंगणातील बाग नव्याने मांडावी असे घरोघरी वाटू लागते. परंतु आपल्या महाराष्ट्रात वसंताच्या पाठोपाठ ग्रीष्म येतो. आज लावलेले कोवळे रोप वैशाखात होरपळते आणि ते जगविण्यासाठी पाण्याचा खर्च मात्र वाढत जातो. म्हणून वसंतात केवळ मांडणी करावी. नवी लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर करणे किफायतीचे ठरते.

प्रथम उन्हाची नोंद घ्यावी. हिवाळ्यात दक्षिणेकडे कललेला सूर्य मे महिन्याच्या मध्यास पुण्यात माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. त्यामुळे घराच्या उत्तरेस हिवाळ्यात पडणारी सावली तेव्हा उरत नाही. पश्चिमेच्या भिंतीलगतच्या नाजूक कुंड्या पूर्वेकडे हलवाव्यात. मोगरा व जास्वंद यांना ऊन मानवते. सावलीची झाडे एकत्र ठेवावीत, म्हणजे पाणी घालणेही सुकर होते.

गळलेला पाचोळा जाळू नये. त्यात असंख्य सूक्ष्म जीव आश्रयास असतात. तोच आळ्यात पसरावा, म्हणजे ओलावा टिकतो आणि पुढे त्याचेच खत होते. माती विनाकारण उकरू नये. कुंड्यांखालील ताटल्यांत पाणी साचू देऊ नये. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत तेथे डास तयार होतात. आधी जीवोत्पत्ती होऊ द्यावयाची आणि मग फवारणी करावयाची, यापेक्षा ही जयणा श्रेयस्कर होय.

आषाढात आणावयाच्या रोपांची यादी व त्यांच्या जागा मात्र आताच निश्चित करून ठेवाव्यात.