शिरेतून जेवण

“नुसत्या सलाईनवर माणूस किती दिवस काढणार?” पुण्याहून येणाऱ्या फोनवर हा प्रश्न गेली तीन वर्षं ऐकते आहे. साध्या सलाईनमध्ये पाणी, मीठ, फार तर थोडी साखर असते. आमच्या ह्यांना मिळतं ते टीपीएन, म्हणजे पूर्ण जेवणच. प्रथिनं, साखर, स्निग्ध पदार्थ, क्षार, जीवनसत्त्वं एका पिशवीतून, छातीतल्या नळीवाटे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जातात. रक्तपुरवठा बंद पडल्याने ह्यांचं बहुतेक लहान आतडं काढावं लागलं. १९६०च्या दशकात फिलाडेल्फियात डॉ. स्टॅन्ली डड्रिक यांनी कुत्र्याची पिल्लं केवळ शिरेतल्या अन्नावर वाढवून दाखवली, म्हणून आज हे आमच्यात आहेत.

पण या जेवणाचे त्रासही आहेत, आणि त्यात सर्वांत वाईट ताप. ताप १००.४ झाला किंवा पिशवी लावल्यावर हुडहुडी भरली, की तडक इमर्जन्सी. आपली सवय क्रोसिन देऊन सकाळपर्यंत वाट बघण्याची. इथे ती जिवावर बेतू शकते, कारण नळीतून शिरलेले जंतू सरळ रक्तात उतरतात. गेल्या जानेवारीत फ्लूची साथ होती. दवाखान्यात ह्यांनाही त्याच रांगेत बसवत होते. मी डॉक्टरांचं पत्र पुढे केलं: पेशंटला मध्यवर्ती नळी आहे, नळीतलं आणि हातातलं रक्त ताबडतोब तपासायला घ्या. जंतू निघालेच. ते पत्र माझ्या पर्समध्ये कायम असतं. तुमच्याही असू द्या.

साखरेचं गणित वेगळं. पिशवी रात्रभर बारा तास चालते. ती एकदम बंद केली तर साखर झपकन उतरून घाम, थरथर सुरू होऊ शकते, म्हणून शेवटच्या तासात पंप वेग कमी करत नेतो. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं. अंधारात स्टँड ढकलत जाताना अडखळू नये म्हणून गालिचा गुंडाळून ठेवला आहे.

यकृतावर ताण येतो, त्यासाठी नियमित रक्त तपासतात. ह्यांचे आकडे बिघडले तेव्हा सोयाबीन तेलाऐवजी माशाचं तेल असलेलं मिश्रण सुचवलं. सासूबाई कट्टर शाकाहारी! फार्मासिस्टने सांगितलं, आधीच्या मिश्रणातही अंड्याच्या बलकातला घटक होताच. सासूबाई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “औषधाला कसला आलाय सोवळं-ओवळं?”

फराळाचं काय, तर चकलीचा तुकडा चालतो. सरबत, पन्हं नाही. जास्त साखरेचं पेय उरलेल्या आतड्यात पाणी ओढून घेतं आणि जुलाब वाढतात. आग्रह करू नका, पण ह्यांच्यापासून ताट लपवूही नका. त्याचं ह्यांना जास्त लागतं.

घरी असं कोणी असेल तर न्यूयॉर्क राज्यातली ओली फाउंडेशन ही १९८३ पासूनची संस्था जरूर गाठा. अशी कुटुंबं तिथे एकमेकांना भेटतात.

दिवाळीत आमच्याकडे अवश्य या, सर्दी-खोकला नसेल तर. फक्त साडेआठच्या आत या. त्यानंतर मी हात धुऊन पिशवी जोडायला बसते. नळीचं टोक अल्कोहोलने घासून वाळेपर्यंत कोणाशी बोलत नाही.