कंदीलपुष्पाचा पत्ता

सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात कंदीलपुष्प फुलतं. फुलाच्या नळीत शिरलेली चिमुकली माशी आतल्या खाली वळलेल्या केसांमुळे अडकते. केस सुकले की परागकण घेऊन सुटते. कंदीलपुष्पाच्या काही जाती एखाद-दुसऱ्या डोंगरापुरत्याच उरल्या आहेत. ठिकाण कळून कुणी कंद उपटला की झाड संपलं. म्हणून आयनॅचरलिस्टसारखी निसर्गनोंदींची संकेतस्थळं संकटग्रस्त जातींचं नेमकं ठिकाण लपवून सुमारे 20 किलोमीटरचा चौकोन दाखवतात. अर्थात, वनखात्याला ठिकाण ठाऊकच नसेल तर रस्ता खोदताना झाड वाचवणार कोण? तेव्हा नोंद अभ्यासकांना आणि वनखात्याला जरूर द्यावी, गावकीलाही विश्वासात घ्यावं. चव्हाट्यावर मात्र मांडू नये. फोटो टाकण्याआधी मोबाइलमधलं लोकेशन तेवढं बंद करा.