वीजजालातील बॅटरी साठवणूक आणि ग्रामसमाजाचे प्रश्न : वर्धा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

विजेचे उत्पादन आणि वापर एकाच क्षणी घडावे लागतात, ही वीजव्यवस्थेची मूळ अडचण होय. सौरऊर्जेचा वाटा वाढत चालल्याने ही अडचण अधिक तीव्र झाली आहे. दुपारी वीज विपुल असते. सायंकाळी मागणी वाढते, तेव्हा सूर्य मावळलेला असतो. ही दरी भरून काढण्यासाठी मोठ्या क्षमतेच्या बॅटऱ्यांचा पर्याय पुढे आला आहे. केंद्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये ४,००० मेगावॅट-तास साठवणुकीसाठी आर्थिक साहाय्याची योजना मंजूर केली आणि महाराष्ट्रात महावितरणनेही अशा साठवणुकीसाठी निविदा काढल्या. अशी केंद्रे ज्या गावांच्या शिवारात उभी राहतात, तेथील समाजाच्या मनात कोणते प्रश्न उद्भवतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साठवणुकीचे स्वरूप :

साठवणूक ही संकल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. घाटघर येथील २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प याच तत्त्वावर चालतो. त्यासाठी मात्र डोंगर आणि दोन जलाशय लागतात. बॅटरी केंद्र सपाट जमिनीवर, उपकेंद्राच्या शेजारी, थोड्या काळात उभे राहते. वर्धा जिल्ह्यात ७६५ किलोव्होल्टचे उपकेंद्र असून रायपूर व छत्रपती संभाजीनगर या दिशांच्या उच्चदाब वाहिन्या तेथे मिळतात. वीजजालातील अशा स्थानामुळे या जिल्ह्याने साठवणुकीचा प्रश्न आधीच समजून घेणे हिताचे ठरते.

बॅटरीची क्षमता दोन आकड्यांत सांगितली जाते. ५० मेगावॅट / १०० मेगावॅट-तास याचा अर्थ ५० मेगावॅट वीज दोन तास देण्याची क्षमता. पाच अश्वशक्तीचा एक पंप सुमारे ३.७ किलोवॅट वीज घेतो. म्हणजे हिशेबापुरते असे केंद्र तेरा हजारांहून अधिक पंप दोन तास चालवू शकेल. मात्र बॅटरी वीज निर्माण करीत नाही. भरलेल्या विजेपैकी साधारण १५ टक्के वीज या प्रक्रियेत खर्ची पडते.

सुरक्षिततेचा प्रश्न :

लिथियम-आयन बॅटरीतील एखादा घटक अतितप्त झाल्यास उष्णता शेजारच्या घटकांत पसरते व ज्वलनशील, विषारी वायू बाहेर पडतात. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मॉस लँडिंग येथील केंद्राला आग लागली, तेव्हा परिसरातील हजारांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. तेथील बॅटऱ्या एका बंदिस्त इमारतीत होत्या. अलीकडील केंद्रांत त्या अंतर राखून स्वतंत्र कंटेनरांत ठेवतात, तसेच तुलनेने अधिक स्थिर असे लिथियम-लोह-फॉस्फेट रसायन वापरतात. यामुळे धोका घटतो; नाहीसा होत नाही.

वर्धेकरांच्या दृष्टीने ही केवळ परदेशातील वार्ता नाही. पुलगाव येथील दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी लागलेल्या आगीत अधिकारी व अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले आणि लगतच्या गावकऱ्यांना रात्री घरे सोडावी लागली. दारूगोळा आणि बॅटरी यांची तुलना शास्त्रीयदृष्ट्या योग्य नव्हे. परंतु ज्या समाजाने ती रात्र अनुभवली, त्याचे भय अज्ञानातून आले आहे असे म्हणता येत नाही. कंटेनर व वस्ती यांतील अंतर किती, आग विझविण्याचे पाणी कोठून येणार, ते दूषित पाणी नाल्यात वा विहिरीत जाणार काय, हे प्रश्न रास्त आहेत. विदर्भातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. त्यामुळे शीतकरण यंत्रणेची क्षमता आणि तिच्या पंख्यांचा आवाज यांचाही विचार अपरिहार्य ठरतो.

लाभाचा प्रश्न :

रात्री ओलितासाठी शेतात जाणे, सापाचे व रानडुकरांचे भय सोसणे हा येथील शेतकऱ्याचा जुना अनुभव आहे. दिवसा वीज मिळावी या मागणीला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने प्रतिसाद दिला. या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात खाजगी जमिनीस हेक्टरी वार्षिक १,२५,००० रुपये भाडे ठरविण्यात आले. बॅटरीचा मुख्य उपयोग मात्र सायंकाळच्या मागणीसाठी होतो आणि त्या मागणीत शहरांचा वाटा मोठा असतो. म्हणजे जागा गावाची व प्रकाश इतरांचा, अशी भावना निर्माण होणे स्वाभाविक आहे. केंद्र उपकेंद्राच्याच आवारात उभारल्यास तर भाड्याचाही प्रश्न उरत नाही. जोखीम तेवढी शेजाऱ्यांकडे राहते. ग्रामपंचायतीचे उत्पन्न, स्थानिकांना रोजगार आणि त्याच गावाच्या वाहिनीला अखंडित वीज, या तीन बाबी म्हणूनच आरंभी लेखी ठरणे आवश्यक आहे.

आयुष्यान्ताचा प्रश्न :

बॅटरीचे उपयुक्त आयुष्य सामान्यतः बारा ते पंधरा वर्षे मानले जाते. त्यानंतर तिची विल्हेवाट कोणी लावावी? बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ यांनी ही जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. तथापि कंपनी बदलली किंवा बुडाली, तर निकामी कंटेनर गावाच्या शिवारात पडून राहू नयेत, यासाठी करारातच अनामत रकमेची तरतूद हवी.

निष्कर्ष :

वीज अधिनियम, २००३ च्या कलम ६४ नुसार दरनिश्चितीपूर्वी नागरिकांच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्या लागतात. साठवणुकीचा खर्च अखेरीस वीजदरात येत असल्याने ही सुनावणी ग्रामीण ग्राहकांच्याही उपयोगाची आहे. परंतु तेथे दराची चर्चा होते, जागेची नव्हे. जागेची चर्चा ग्रामसभेतच व्हावयास हवी आणि तीही काम सुरू होण्यापूर्वी, मराठीतील आराखडा व आपत्कालीन योजना समोर ठेवून. महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व समाजशास्त्र विभागांनी ही कागदपत्रे गावकऱ्यांना समजावून देण्याचे कार्य हाती घेतल्यास भय आणि आंधळा विश्वास या दोहोंच्या मधला मार्ग मोकळा होईल. साठवणूक आवश्यक आहे. मात्र तिची जोखीम कोणी स्वीकारावी, हे त्या जोखमीशेजारी राहणाऱ्यांना विचारूनच ठरले पाहिजे.