महागडा प्लग गाडीची ताकद वाढवतो का?

पुसदकडचे घाट चढताना गाडी दम सोडते, पांढरकवड्याहून हैदराबादच्या रस्त्याला लागल्यावर ट्रकला ओव्हरटेक करताना पिकअप मिळत नाही. अशी तक्रार घेऊन यवतमाळच्या कुठल्याही गॅरेजात गेलं की अलीकडे एक सल्ला हमखास मिळतो, 'इरिडियमचे प्लग टाकून पाहा.' साध्या प्लगच्या तिप्पट-चौपट किंवा त्याहूनही जास्त किमतीचे हे प्लग. ते टाकल्यावर गाडी 'उडते' असं सांगणारे लोक खोटं बोलत नाहीत. फरक त्यांना खरंच जाणवलेला असतो. तो कशामुळे पडतो, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं.

हा विषय पेट्रोल आणि गॅसवरच्या गाड्यांचा आहे. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. तिथे दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं आणि ज्याला आपण हीटर प्लग म्हणतो तो फक्त थंड इंजिन सुरू करायला मदत करतो.

पेट्रोल इंजिनात दाबलेल्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणात ठिणगी टाकणं एवढंच प्लगचं काम. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लगला सेकंदाला २५ ठिणग्या द्याव्या लागतात आणि एकेका ठिणगीसाठी कॉईल हजारो व्होल्टचा दाब तयार करते. १९०२ मध्ये जर्मनीत बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला प्लग तयार केला, त्याचं तत्त्व आजही तेच आहे. आपल्याकडे बंगळुरूच्या मायकोने १९५० च्या दशकात प्लगचं उत्पादन सुरू केलं आणि जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी ते नाव कायमचं बसलं.

इरिडियमचं वैशिष्ट्य काय? साध्या प्लगचं मधलं टोक निकेलच्या मिश्रधातूचं, साधारण अडीच मिलिमीटर जाडीचं असतं. निकेल १४५५ अंशांना वितळतं, तर इरिडियम २४०० अंशांच्याही वर. त्यामुळे इरिडियमचं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बारीक ठेवलं तरी टिकतं. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टमध्ये उडते आणि टोक आड येत नसल्याने ज्योत लवकर पसरते. कॉईल अशक्त झाली असेल, गाडी गॅसवर चालत असेल किंवा इंजिन टर्बोचं असेल, तर याचा उपयोग होतो. पण ताकद पेट्रोल आणि हवेतून येते. धडधाकट इंजिनात साधा नवा प्लगसुद्धा मिश्रण प्रत्येक वेळी पेटवतोच. जे पूर्ण पेटतंय ते महागड्या ठिणगीने जास्त पेटणार नाही.

आम्ही आमच्या गाडीत हे करून पाहिलं. जुने प्लग काढले तेव्हा मधल्या टोकाच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या आणि ठिणगी जिथे उडते त्या गॅपमध्ये एक मिलिमीटरची फिलरची पट्टी सैल फिरत होती. 'मिसिंग मारून राहिली होती भाऊ, म्हणूनच चढावर दम सोडे,' मेकॅनिक म्हणाला. इरिडियम टाकल्यावर गाडी चढावर मोकळी झाली. मग ते काढून गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या नंबरचे साधे नवे प्लग बसवले. त्याच रस्त्यावर, तेवढीच माणसं घेऊन गाडी तितकीच मोकळी पळाली. बहुतेकांची तुलना झिजलेला साधा प्लग आणि नवं इरिडियम यांच्यात होते आणि नव्या प्लगचं श्रेय धातूला मिळतं. अमेरिकेत १९९७ मध्ये दुभंगलेल्या टोकाच्या 'स्प्लिटफायर' प्लगच्या जाहिरातींवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली होती, कारण इंधनबचतीच्या दाव्यांना पुरेसा आधार नव्हता.

इरिडियमचा खरा फायदा टिकाऊपणात आहे. साधा प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटरला बदलावा लागतो, तर कंपनीने दिलेलं इरिडियम अनेक गाड्यांत लाखापर्यंत जातं. तरी 'परफॉर्मन्स' म्हणून विकले जाणारे काही प्लग इतके टिकत नाहीत. त्यांत फक्त मधलं टोक इरिडियमचं असतं आणि बाजूची पट्टी साधीच राहते. विकत घेताना हे विचारून घ्या.

धोका असतो तो हीट रेंजचा. प्लगचं टोक साधारण ५०० ते ८५० अंशांत राहिलं पाहिजे. खाली गेलं तर काजळी जळत नाही आणि प्लग काळा पडतो. वर गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टन जाऊ शकतो. हे तापमान किती राहील ते प्लगच्या नंबरावर ठरतं. गंमत अशी की एनजीके कंपनीच्या प्लगचा आकडा वाढला की प्लग 'थंड' होतो आणि बॉशचा वाढला की 'गरम'. एका कंपनीचा आकडा पाहून दुसरीचा प्लग निवडणं इंजिनाला महागात पडतं. यवतमाळात मे महिन्यात पारा ४४ ला टेकतो म्हणून 'थंड' प्लग मागणारेही भेटतात. पण जिथे टोकच सहाशे-सातशे अंशांवर आहे, तिथे बाहेरच्या पंधरा-वीस अंशांनी काही बिघडत नाही. इंजिनात बदल केले नसतील तर नंबर बदलू नये.

हल्ली अ‍ॅव्हरेज घटलं म्हणूनही प्लगकडे बोट दाखवलं जातं. पण हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं आणि लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २० टक्के मिश्रणात ती तूट येणारच आणि कुठलाही प्लग ती भरून काढणार नाही. आपल्या काळ्या मातीच्या धुळीत एअर फिल्टर वेळेवर बदलला तर त्याचा उपयोग जास्त.

प्लग बदलायचेच असतील तर इंजिन पूर्ण थंड असताना बदला. आधी हाताने आटे नीट बसवा आणि मग पाना लावा, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा गेले की खर्च प्लगच्या कितीतरी पट होतो. इरिडियमचा गॅप शक्यतो छेडू नका, बारीक टोक चटकन तुटतं. आणि दुकानात जाण्याआधी गाडीच्या पुस्तिकेतला प्लगचा नंबर कागदावर लिहून घ्या. तोच मागा, तो पक्क्या बिलावर घ्या आणि काढलेले जुने प्लग मेकॅनिककडून मागून घेऊन एकदा उजेडात निरखून पाहा.