जुने व्हिडिओ गेम : बेताच्या खर्चातील संग्रह

जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतील एका लिलावात १९९६ सालच्या 'सुपर मारिओ ६४' या खेळाचा सीलबंद नग १५ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला. ते मूल्य खेळाचे नव्हे, न फोडलेल्या वेष्टनाचे होते. ज्यास खेळायचे आहे, त्याने तो बाजार खुशाल इतरांस सोडावा.

काटकसरी संग्राहकास सोयीचे यंत्र म्हणजे सोनीचे 'प्लेस्टेशन २'. २००० साली आलेल्या या यंत्राचे १५ कोटींहून अधिक नग खपले. त्यामुळे त्याच्या अनेक डिस्क आजही स्वस्त मिळतात. त्यातही फुटबॉलचे खेळ मातीमोल, कारण दरवर्षी नवी आवृत्ती येई आणि जुनीचा भाव कोसळे. आम्ही हिशेबनीस ज्यास घसारा म्हणतो, तो हाच!

घेण्यापूर्वी डिस्क उजेडात तिरपी धरून ओरखडे पाहावेत. परदेशातील विक्रीसाठी काढलेली डिस्क आपले यंत्र सहसा स्वीकारत नाही, तेही तपासावे. महिन्याची रक्कम आधीच ठरवावी आणि हातातील खेळ पुरा झाल्याविना दुसरा आणू नये.

ऑनलाइन घेतलेल्या खेळात बहुधा वापराचा परवानाच मिळतो. डिस्क मात्र खेळून झाल्यावर भाच्याला देता येते किंवा विकून पुढची घेता येते.